दोन वड्या साबण आणि पऱ्हाटीची राख

‘ताईच्या लग्नाच्या वेळी आमच्या गावच्या खाऱ्या पाण्यावर राखेच्या निवळीचा उपाय प्रथम शोधून काढला तो आमचे वडील अण्णा यांनी. तीन दिवस विहिरीवर उभे राहून त्यांनी जाजमे, चादरी आणि धोतरे आपल्या हातांनी धुतली व अवघ्या दोन वड्या साबणात लग्नघराचे सारे धुणे उरकले. वत्सलावैनी नव्या नवरी असल्यामुळे त्या दिवसांत त्यांचा वावर स्वयंपाकघरापुरताच होता. आमच्या वकीलबंधूंनी मात्र उत्साहाच्या भरात चुकीची राख आणून पहिला दिवस वाया घालवला, हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.’

हा उतारा माझा चुलतभाऊ पुरुषोत्तम याने आमच्या घराण्याच्या स्मरणिकेत छापला आहे आणि गेल्या दिवाळीच्या कुटुंबमेळाव्यात ध्वनिक्षेपकावरून वाचूनही दाखवला आहे. चार वाक्ये आहेत. पहिली तीन खोटी आहेत, चौथे खरे आहे. खामगावच्या कोर्टात माझी सारी हयात उलटतपासणी घेण्यात गेली, तेव्हा ही मांडणी माझ्या ओळखीची आहे. तीन असत्ये पचवायची असली की साक्षीदार शेवटी एक सत्य बोलतो, आणि ते बहुधा दुसऱ्याच्या चुकीविषयीचे असते. पुरुषोत्तम त्या वेळी सात वर्षांचा होता आणि धुण्याचे तिन्ही दिवस तो आमराईत कैऱ्या पाडत होता. मी सतरा वर्षांचा होतो, मॅट्रिकची परीक्षा देऊन मोकळा होतो आणि त्या विहिरीवर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पाणी शेंदत होतो. तेव्हा काय घडले ते मी सांगतो.

आमचे गाव वरवट बकालच्या खालच्या अंगाला, पूर्णेकडे उतरत जाणाऱ्या काळ्या जमिनीत. सातपुड्याच्या पायथ्याशी सोनाळ्याला पाणी इतके गोड, की पाहुणा दुसरा तांब्या मागून घेतो. आमच्याकडे पाहुणा पहिलाच तांब्या अर्धा ठेवून यजमानाच्या तोंडाकडे पाहत असे. या पट्ट्याला खारपाणपट्टा म्हणतात ते उगीच नव्हे. आमच्या अंगणातल्या विहिरीच्या पाण्याने घागरींना आतून पांढरा थर चढे, न्हालेले केस दोरखंडासारखे होत, आणि त्या पाण्याचा चहा ठेवलाच तर दूध पडताच तो नासे. पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी कोसभरावरून दिवसाआड बैलगाडीवर दोन पिंपे भरून येई. त्या गोड्या पाण्यात कोणी हातरुमाल जरी बुचकळला असता तरी काकूंनी त्याला जेवायला वाढले नसते. आमचे आईवडील लवकर गेले. मला आणि माझ्या थोरल्या भावाला वाढवले ते अण्णाकाका आणि काकूंनीच, त्यामुळे त्या घरातला शेवटचा शब्द काकूंचा असे. सकाळी जाग यायची ती विहिरीच्या कप्पीच्या करकरीने आणि धुण्याच्या दगडावर पडणाऱ्या मोगरीच्या दणक्यांनी. दणके फार, कारण साबण कमी. खाऱ्या पाण्यात साबण फाटतो, दूध नासावे तसा. फेस होत नाही. पांढऱ्या चिकट कण्या होतात आणि त्या कापडालाच चिकटून बसतात. गावच्या बायकांनी साबणाचा नाद सोडून दिला होता. त्या सरळ राख चोळीत आणि मोगरीने कापड बडवून काढीत. परिणामी आमच्या घरातली सारी धोतरे, चादरी आणि पातळे एकाच रंगाची होती, आणि त्या रंगाला आम्ही पांढरा म्हणत असू.

अशा घरात दादाची बायको म्हणून वत्सलावैनी आल्या, त्याही सोनाळ्याहून. दादा धामणगाव बढ्याला शिक्षक होता. शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. त्यामुळे आठवड्यातले पाच दिवस वैनींच्या बाजूने बोलणारे घरात कोणी नव्हते. आल्याच्या पहिल्याच महिन्यात त्या धुणे घेऊन विहिरीवर बसल्या, फेस का होत नाही म्हणून साबण घासत राहिल्या आणि एका दुपारी पिवळ्या साबणाच्या तीन वड्या संपवून उठल्या. काकूंनी दगडाभोवती साचलेला चिकट पांढरा चिखल पाहिला आणि कपाळावर हात मारला.

‘माय वं! तीन वड्या? कपडे धुतले का साबनच धुतली?’

त्या दिवसापासून साबण काकूंच्या पत्र्याच्या पेटीत गेला. धुण्याच्या दिवशी काकू वडीला दोरा लावून बर्फीएवढा तुकडा कापीत आणि तो औषधासारखा वैनींच्या तळहातावर ठेवीत. अण्णाकाकांनी तर नावच पाडले. ओसरीवर कोणीही आला की ते आत हाक मारीत, ‘आमच्या साबनवाल्या सूनबाई, पाह्यन्याले पानी आना!’ पाहुणे हसत, वैनीही पदर दातांत धरून हसत. पण पाण्याचा तांब्या ठेवून त्या आत वळल्या की त्यांचा चेहरा मला दिसत असे. अण्णाकाका दुष्ट नव्हते. त्यांना फक्त एक थट्टा सापडली की ती झिजून संपेपर्यंत वापरायची सवय होती, आणि त्यांच्याकडची कुठलीही वस्तू लवकर झिजत नसे.

पुढची गोष्ट पुरुषोत्तमला ठाऊक असणे शक्यच नाही, कारण ती चुलीपुढे घडली. एकदा गाडीचा आस मोडला आणि गोडे पाणी आले नाही. काकूंनी तुरीची डाळ विहिरीच्या पाण्यातच शिजत घातली आणि वरून चिमूटभर पापडखार टाकला. वैनी भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

‘आत्याबाई, हे काऊन टाकलं?’

‘खाऱ्या पान्यात दाय शिजत नाही बाप्पा. अडेल बैलावानी बसून राह्यते. खार टाकला का मुकाट शिजते.’

‘मंग साबनीचंही तेच असन.’

‘म्हंजे?’

‘दायीले पानी मऊ लागते, तं साबनीलेही मऊच लागत असन.’

‘दाय खाच्या कामी येते,’ काकू म्हणाल्या. ‘साबन कोन खाते? तुह्या माहेरी खात असतीन तं मले ठाव नाही.’

वैनींच्या त्या दिवशीच्या भाकरी कडेने करपल्या, म्हणजे डोके चुलीपाशी नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारले, की विहिरीभर पाण्याला पुरेल एवढा पापडखार आणायचा तर काय पडेल. मी अंदाज सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मंग राहू द्या भाऊजी. त्यापरीस साबन सस्ती.’ आणि थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, ‘माही आजी पापडाले खार ईकत नव्हती आनत. पराटीची राख पान्यात भिजू घाले, अन् वरचं निवळ पानी घे.’ पराटी म्हणजे पऱ्हाटी, कापूस वेचून झाल्यावर उपटलेली झाडे. आमच्याकडे तेच मुख्य जळण. उपाय शोधला तो या वाक्यात. अण्णाकाका त्या वेळी ओसरीवर घोरत होते.

त्यानंतर ताईचे, म्हणजे अण्णाकाकांच्या मुलीचे, लग्न वैशाखात ठरले. वऱ्हाड उतरणार म्हणून घरची आणि मागून आणलेली जाजमे, तीसेक चादरी, गाद्यांच्या खोळी आणि धोतरे असा डोंगर धुवायचा होता. गावच्या वरठ्याने, म्हणजे परटाने, आपली मजुरी सांगितली. ती वाजवी होती. लग्नसराईत त्याच्यामागे पाच गावांचे धुणे होते. पण अण्णाकाका ओसरीवर बसून ती मजुरी अशा आवाजात पुन्हा पुन्हा उच्चारू लागले, जणू वरठ्याने शेतच मागितले होते. तेवढ्यात दाराआडून वैनींचा आवाज आला. लग्न होऊन आल्यापासून त्या काकांशी आपण होऊन बोलल्याचे मी पहिल्यांदाच ऐकले.

‘मामंजी, मले दोन वड्या द्या. सारं धुनं मी उरकीन.’

‘दोन वड्यात?’ काकांनी ओसरीवरच्या माणसांकडे पाहून डोळे मोठे केले. ‘तुह्यानं दोन वड्यात रुमाल नाही धुतल्या जात, सूनबाई! आन नाही भागलं तं?’

‘नाही भागलं तं वरठीदादाची मजुरी माहे बाबा देतीन.’

हसणारे थांबले. आमच्या बाजूला लग्नाच्या पहिल्या वर्षात सुनेच्या बापाकडे धुण्याच्या मजुरीचा निरोप जाणे म्हणजे ‘तुम्ही लेकीला काही शिकवले नाही’ असे चारचौघांत सांगणे. वैनींचे वडील मानी गृहस्थ होते. त्यांनी पैसे मुकाट्याने पाठवले असते आणि आमच्या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवला नसता. ताईच्या लग्नालाही नाही.

‘पाहा हं,’ काका म्हणाले. ‘मंग नको म्हनू का म्हताऱ्यानं व्याह्याले खाली पाहाले लावलं. निरोप धाडीन म्हंजे धाडीन.’

‘धाडा,’ वैनी म्हणाल्या.

आता चौथे वाक्य. ते खरे आहे आणि मी ते पुरुषोत्तमपेक्षा अधिक तपशिलाने सांगू शकतो. राख आणण्याचे काम मी छातीवर हात मारून अंगावर घेतले. वैनींनी पऱ्हाटीची राख सांगितली होती. चुलीतली राख रोजच्या भांड्यांत खर्च होई. म्हणून मी गोठ्यामागच्या ढिगातून चार टोपल्या भरून आणल्या. ती गोवऱ्यांची राख होती. राखेत प्रकार असतात हे मला कोणी शिकवले नव्हते, आणि विचारण्याचा माझा स्वभाव तेव्हाही नव्हता. ती रात्रभर रांजणात भिजली, सकाळी वरचे पाणी विहिरीच्या पाण्यात मिसळले आणि काहीही झाले नाही. साबण पूर्वीसारखाच फाटला. वैनी तरी घासत राहिल्या, कारण सुरुवात केली होती आणि ओसरीवरून काका पाहत होते. दुपार टळली तेव्हा बारा चादरी कशाबशा निघाल्या होत्या, त्याही ढगाळ रंगाच्या, आणि एक आख्खी वडी संपली होती. उरली एक, आणि डोंगर जवळजवळ तसाच. काका खडावा वाजवीत विहिरीपर्यंत आले. ‘काय बे मॅट्रिक,’ मला म्हणाले, ‘राखेतही नापास काय?’ मग चादरींकडे पाहून, वैनींना ऐकू जाईल अशा बेताने, ‘उद्या निरोप घेऊन जाले गडी सांगून ठेवा लागते.’

वैनी आता अकोल्याला मुलाकडे असतात. परवा मी त्यांना फोन करून हा उतारा वाचून दाखवला आणि सांगितले, की मी याचा लेखी प्रतिवाद करणार आहे. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. ‘लिहू द्या नं त्याले भाऊजी. बापाचं नाव मोठं करून राह्यला बिचारा. काय बिघडते?’ काय बिघडते हा प्रश्न पक्षकाराने विचारायचा नसतो. माझ्या सुनेलाही माझा हा लढा मुलखावेगळा वाटतो. आमच्या घरी धुण्याचे यंत्र आहे. त्यात ती झाकणभर निळे औषध ओतते आणि दर वर्षी दुरुस्तीवाला येऊन आतला पांढरा थर खरवडतो. ‘काका, पानी खारं हाय तुमचं,’ असे तो मला सांगतो. मला! मी त्याला एकदा डाळ आणि साबणाची गोष्ट सांगायला बसलो होतो; त्याने दुसरीकडे जायची घाई असल्याचे सांगितले. मात्र त्या दिवसापासून मी यंत्रात चमचाभर धुण्याचा सोडा टाकायला लावला आहे, आणि निळे औषध अर्ध्या झाकणावर आले आहे. सून हे मान्य करते. फक्त माझ्यासमोर नाही.

तर तिकडे विहिरीवर, माझी राख फसल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, वैनींनी ओल्या राखेत बोट बुडवले आणि जिभेला लावले.

‘भाऊजी, ही गोवरीची हाय. जिभेले चावतच नाही. मी पराटीची सांगतली होती नं?’

‘राख ती राख,’ मी म्हणालो.

‘मंग नवरी ती नवरी म्हनून तुमच्या लग्नात कोनालेही उभं करू काय?’

मी गाडी जुंपली. वरवट बकालच्या बाजारात एक भडभुंजा होता. त्याची फुटाण्यांची भट्टी बारा महिने पऱ्हाटीवर चाले आणि राखेचा ढीग त्याच्या भिंतीला टेकलेला असे. मी पोती पुढे केली तेव्हा त्याने मला आपादमस्तक न्याहाळले. ‘फुटाने सोडून राख नेनारा तूच पयला पाह्यला गा. घरी समदं ठीक हाय नं?’ मी चार पोती राख आणि त्याने आग्रहाने दिलेले मूठभर फुटाणे घेऊन परतलो. वैनींनी पुन्हा बोट चाटले आणि तोंड वाकडे केले. ‘हे चावते,’ त्या म्हणाल्या, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा पदर दातांत न धरता हसल्या.

तिसऱ्या प्रहरापर्यंत रांजणातली निवळ चहाच्या रंगाची, स्वच्छ, बोटांत बुळबुळीत लागणारी अशी उतरली. वैनींनी ती विहिरीच्या पाण्याने भरलेल्या मोठ्या हौदात तांब्यातांब्याने ओतली. आणि ते काचेसारखे पाणी आमच्या डोळ्यांदेखत पांढरे झाले, ताकासारखे. मी घाबरलो, मला वाटले हेही बिघडले. वैनी म्हणाल्या, ‘थांबा. बसू द्या त्याले.’ तासाभरात पांढरा गाळ तळाला बसला आणि वर पाणी राहिले. त्यांनी एक चादर भिजवली, उरलेली वडी तिच्यावरून फक्त दोनदा फिरवली आणि चोळली. त्या विहिरीवर मी सतरा वर्षे आंघोळ केली होती. तिच्या पाण्याचा फेस मी तोवर पाहिला नव्हता. तो वैनींच्या कोपरापर्यंत चढला, दगडावरून ओघळला, वाऱ्याने उडून माझ्या मिशीच्या जागेवर येऊन बसला. वैनी मोठ्याने हसू लागल्या, मीही हसू लागलो, आणि त्या आवाजाने काकू बाहेर आल्या. त्यांनी फेस पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

‘गोड्या पान्याले हात लावला!’ त्या ओरडल्या. ‘आवो, पाहा वो! वरातीसाठी भरलेलं पानी कपड्यात ओतलं! आता सोयऱ्याले प्याले काय देऊ, फेस?’

अण्णाकाका धावले. वैनींनी फक्त पिंपांकडे बोट दाखवले. दोन्ही पिंपे काठोकाठ भरलेली होती, त्यांच्या तोंडावर काकूंनी स्वतः बांधलेली फडकी आणि काकूंचीच गाठ. काकू पिंपांपाशी गेल्या, गाठ चाचपली, परत आल्या, हौदात बोट बुडवून चाखले आणि थुंकल्या. मग पुन्हा चाखले.

‘खारंच हाय वं,’ त्या हळूच म्हणाल्या. ‘हिरीचंच हाय.’

काकूंचा एक गुण मी इथे आवर्जून नोंदवतो, कारण तो त्यांच्या मुलात उतरलेला नाही. चूक दिसली की त्या तिथल्या तिथे मान्य करीत. त्यांनी पदर खोचला, मोगरी उचलली आणि दगडापाशी फतकल मारली. ‘सरक तिकडं. धुतलेलं इकडं टाक, मी बडवतो.’ आणि नवऱ्याकडे न पाहता, ‘आवो, निरोप धाडू नका कुठी. आन धाडाचाच असन तं हिच्या बापाले लग्नाले चार दिवस आंधी या म्हनून धाडा.’

तो दिवस आणि पुढचा आख्खा दिवस धुणे चालले. पाणी मी शेंदले, बडवले काकूंनी. निवळ काढणे, ती मिसळणे, कपडे तिच्यात बुडवून घोळणे आणि पिळणे वैनींनी दुसऱ्या कोणालाही करू दिले नाही, कारण प्रमाण त्यांच्या जिभेवर होते. पहिल्या दिवसाच्या ढगाळ चादरीही त्यांनी पुन्हा काढल्या. दुसरी वडी संपायची होती तेव्हा डोंगर संपला. अण्णाकाकांचा या कार्यातला सहभाग मी नाकारत नाही: त्यांनी कडुनिंबापासून गोठ्यापर्यंत वाळत घालायची दोरी बांधली. त्यांची गाठ सुटली आणि नऊ चादरी धुळीत पडल्या. त्या पुन्हा धुतल्या गेल्या, आणि काकांनी नव्हे.

लग्नाच्या दिवशी नवे व्याही, म्हणजे ताईचे सासरे, जाजमावर हात फिरवून म्हणाले, ‘खारपानात एवढे सफेत कपडे? कमाल हाय बुवा!’ काका मिशीवरून हात फिरवीत उत्तरले, ‘आपलीच युक्ती हाय थोडीशी.’ पुरुषोत्तमच्या इतिहासाचा उगम या चार शब्दांत आहे. व्याह्यांनी घरी जाऊन सांगितले, त्यांच्या गावाने आणखी कोणाला सांगितले, आणि काकांना स्वतःलाही काही वर्षांनी ते खरे वाटू लागले असावे. वैनींनी ते ऐकले होते. त्यांचे वडील तेव्हा पहिल्या पंगतीत ताठ बसून बुंदी खात होते, आणि वैनींना त्यापलीकडे काही नको होते. मला हवे होते, आणि अजून हवे आहे.

हे सारे मी सांगतो म्हणून खरे मानावे, असे माझे म्हणणे नाही. पुरुषोत्तम म्हणेल, ही एका बाजूची साक्ष झाली. तेव्हा मी एकच वस्तुस्थिती मांडतो, आणि ती पाहिलेल्या दोघीजणी आजही गावात आहेत. लग्नाच्या आदल्या दिवशी बांगड्या भरायला मणियार चाचा आमच्या अंगणात आले. हिरव्या चुड्यांच्या माळा पसरून ते बसले आणि घरच्या बायका एकेक करून त्यांच्यापुढे हात धरू लागल्या. काकूंचा झाला, ताईचा झाला, आत्यांचा, मावश्यांचा झाला. वैनींनी हात पुढे केले तेव्हा चाचांनी ते उलटे केले, पाहिले आणि हातातली बांगडी परत माळेत घातली. ‘नाही बेटी,’ ते म्हणाले, ‘ह्या हातावर बांगडी चढवली तं कातडी निघून येईन. कायच्यात घातले होते हात?’ वैनी म्हणाल्या, ‘राखेच्या पान्यात, चाचा.’ चाचांनी त्यांचा चुडा कागदात गुंडाळून बाजूला ठेवला आणि आठ दिवसांनी येऊन तो भरला. त्या दुपारी आमच्या अंगणात मणियार चाचांनी सतरा बायकांचे हात हातात घेतले. सोळा जणींच्या हातांत चुडा चढला, सतरावीच्या हातांत चढला नाही, कारण त्यांची साल निघाली होती, आणि ते हात अण्णाकाकांचे नव्हते.